नववा फर्मा

ता. २ फेब्रुवारी

चि. चौकशीस,

अ. उ. आ. पत्र लिहिण्याचं कारण, फोनवर तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी काय बोलते ते तू ऐकत नाहीस. कागदावर दोघींचीही सुटका नाही.

तुझ्या मालिकेचे तीन भाग पाहिले. आमच्या टीव्हीला नुसता आवाज उरलाय, चित्र नाही. आणि मला नुसतं चित्र दिसतं, आवाज नाही. आमचं दोघांचं काही जमेना, म्हणून दर रविवारी संध्याकाळी खाली हवालदारांकडे जाते. नोकरी सुटून त्यांना अकरा वर्षं झाली, तरी पाटी अजून दारावर आहे. भाग सुरू होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोवर ते खुनी जाहीर करतात. दर रविवारी वेगळा. शिंपीणबाई काजं करायला घेऊन बसते आणि फक्त बाह्या बघते. तिचं म्हणणं, तिसऱ्या भागात जिना चढताना डॉक्टरच्या कोटाला चार बटणं होती आणि वर पोचल्यावर तीन, तेव्हा चौथं बटण हाच पुरावा असणार. मी म्हटलं, बाई, हा पुरावा नव्हे, निष्काळजीपणा.

आता माझं ऐक. पुस्तकातला खुनी शोधणारा मोजणीदार पोट सुटलेला, सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त, खिशात कापडी फीत. तुमचा सुतळीसारखा, दाढी न केलेला, भिंतीवर उजेडाचा लाल ठिपका मारतो आणि फोनवर आकडा येतो. झटपट आहे, मान्य. पण फीत धरायला समोर दुसरं माणूस लागतं. पुस्तकात तो संशयितालाच सांगायचा, जरा हे टोक धरा म्हणून. अन् धरणाऱ्याचा हात कापायचा. निम्मे खुनी तिथेच सापडायचे. लाल ठिपक्याचं टोक कोण धरणार? तुम्ही शिकलेली माणसं, एवढं सुचलं नाही.

आणखी एक. तू माझं पुस्तक नेलंस तेव्हा मला वाटलं वाचायला नेलंस. घड्याळवाल्या पुस्तकाचीच मालिका करताय हे मला हवालदारांच्या खोलीत बसल्यावर कळलं. (त्याचं नाव लांबलचक आहे; पुस्तकबांधणीच्या कारखान्यात घड्या घालताना आम्ही त्याला घड्याळवालंच म्हणायचो.) त्याच लेखकाची दहा पुस्तकं आहेत. दुसरं घ्यायचं होतं. हे काही फारसं धड नाही. असो.

फोटोत डोळ्यांखाली काळं दिसतंय. रंगवलं असेल तर पूस, खरं असेल तर झोप.

कळावे. लोभ वाढला नाही तरी चालेल, आटू देऊ नकोस.

तुझी आजी


ता. २५ फेब्रुवारी

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. फितीचं बरोबर आहे, आणि आता उपयोग नाही.

रविवारी शेवटचा भाग झाला. डॉक्टर खुनी निघाला, जसा आपल्या पुस्तकात निघतो. सोमवारी सकाळी कार्यालयात पोचले तर प्रतिक्रियांचा ढीग. माझं निम्मं काम तेच: वाचायच्या, वेगळ्या करायच्या, वरच्या मजल्यावर द्यायच्या. नेहमी लोक मोजणीदाराच्या दाढीवर चिडतात, मोटारसायकलवर चिडतात. या वेळी सगळे एकाच गोष्टीवर चिडलेत. शेवट बदलला म्हणे. खून स्वयंपाकीणबाईनं केला होता, डॉक्टर निर्दोष होता, तुम्हाला क्लासिकचा मान ठेवता येत नसेल तर हात लावू नका. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी चार पानं लिहिलीत, प्रत्येक पानाला समास सोडून. आणि त्यातच दहाबारा पत्रं अशी, की शाब्बास, आमच्या घरी पुस्तक आहे, डॉक्टरच. आता हे दोन्ही पक्ष एकमेकांना खोटं पाडताहेत.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण पुस्तकांची परवानगी लेखकाच्या मुलीनं एकाच अटीवर दिली होती: बाकी काय हवं ते करा, शेवट बदलायचा नाही. त्यांच्याकडच्या प्रती वाळवीनं खाल्ल्या, बाजारात पुस्तक नाही. आमच्याकडे होती ती तुझी एकच प्रत, माझ्याकडे, आणि तिच्यावरून सहाही भाग मी लिहिले. बाईंनी परवा कळवलं की वडिलांच्या पुस्तकात खुनी स्वयंपाकीणच होती, मला पक्कं आठवतं. मालिकेच्या थोरल्या लेखकांनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, सरळ माझ्यावर ढकललं. मी हुशारी दाखवायला शेवट फिरवला आणि पुस्तकाची पानं काढून टाकली, असं ते सगळ्यांना सांगतात.

मुख्याध्यापकांच्या प्रतीत एकशे चव्वेचाळीस पानं आहेत. आपल्यात एकशे अठ्ठावीस. मी भिंगानं पाहिलं, कुठे फाटल्याची खूण नाही, दोरा शाबूत आहे. म्हणूनच कोणी विश्वास ठेवत नाही. सोळा पानं अशी साफ आपोआप कशी जातील?

वीस मार्चला बैठक आहे. तेव्हा काही दाखवता आलं नाही तर माझं नाव काढणार आणि मलाही. आणि पानं फाडणारी म्हणून ठपका राहिला तर दुसरीकडेही कोणी लिहायला घेणार नाही. मी फार थकलेय गं. रागही येत नाही.

तुला काही आठवतं का? त्या प्रतीचं कधी काही झालं होतं? मी बारा वर्षांची असताना तुला विचारलं होतं, याच्या शेवटी 'समाप्त' का नाही. तू म्हणाली होतीस, खुनी सापडला, अजून काय पाहिजे. तेवढंच मला आठवतं.

पत्राची वाट पाहते. तब्येत सांभाळ, जिना उतरताना कठडा धर.

तुझी चौकशी


ता. १ मार्च

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. तुमचे गुडघे कसे आहेत ते विचारत नाही, कारण तुम्ही तीन पानं भरून सांगाल आणि मला आज घाई आहे.

घड्याळवालं पुस्तक आठवतं? आणि खळीचा डबा?

नात अडकलीय. तिच्यावर पानं फाडल्याचा आळ आलाय. ती पानं कोणी फाडली नाहीत हे जगात आता दोघींनाच ठाऊक आहे, आणि दोघींची मिळून वयं एकशे साठच्या वर गेलीत. मी सांगून टाकावं म्हणते. पण काम दोघींचं होतं, म्हणून तुम्हाला आधी विचारते. विचारते म्हणजे कळवते.

लगेच लिहा. कार्डावर दोन ओळी लिहिल्यात तरी चालतील.

तुमची वहिनी


ता. ६ मार्च

वहिनीस,

अ. आ. तुझं पत्र वाचून पाणी प्यायले.

बावन्न वर्षं झाली. मालक गेले, मुकादम गेला, कारखान्याच्या जागी मोटारी धुतात. आता ते उकरून कोणाचं भलं होणार? माझ्या भिंतीवर मालकांच्या सहीचं प्रशस्तिपत्र आहे, चाळीस वर्षे निर्दोष काम केल्याचं. नातसुना आल्यागेल्याला दाखवतात. त्यांना काय सांगू, की चाळीस वर्षांतली एक संध्याकाळ सोडून?

आणि डबा तुझ्या पायानं कलंडला होता, माझ्या नव्हे. हे मी कधी कोणाला बोलले नाही, तूही विसरू नकोस.

पोरीला म्हणावं, जुनं पुस्तक होतं, गळाली असतील पानं. तरुण आहे, दुसरी नोकरी मिळेल.

गुडघे वाईट आहेत. विचारलं नाहीस तरी सांगते.

तुझी वन्सं

ता. क. पत्र पेटीत टाकायला निघाले होते, जिन्यातून परत आले. मनात आलं की पोर आपल्यासारखीच शब्दांवर पोट भरते. तिनं केलं नाही ते तिच्या माथी कशाला. तुला हवं ते कर. मला नंतर सांग. आधी नको.


ता. ९ मार्च

चि. चौकशीस,

अ. उ. आ. बारा दिवस उत्तर दिलं नाही. तू विचारलंस ते मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. वेळ लागला तो तोंड उघडायला.

आता नीट वाच. छापखान्यातून मोठा कागद यायचा, दोन्ही बाजूंनी छापलेला. त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानं. तो एक फर्मा. घड्याळवाल्या पुस्तकाचे नऊ फर्मे. आम्ही बायका घड्या घालायचो, फर्मे ओळीनं लावायचो आणि शिवायचो. मी दुसरीपर्यंत शिकलेली. वाचायला शिकले ती घड्या घालता घालता, तेही तुटक. एकीला तिसरा फर्मा, दुसरीला सहावा. डबा खायच्या सुट्टीत एकमेकींना गोष्ट सांगायची. माझ्याकडे बहुतेक आठवा यायचा. म्हणून मला पहिल्या पानापासून गोष्ट वाचायची सवयच नाही.

त्या पुस्तकाच्या हजार प्रती होत्या. आठशे गेल्या. उरलेल्या दोनशे दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयांना जायच्या होत्या. मुकादम तापानं घरी. मी आणि तुझी वन्संआजी दोघीच. तुझा बाप वर्षाचा, टेबलाखाली कापडावर झोपलेला. तो रडला म्हणून मी वळले आणि खळीचा डबा लाथाडला. खळ पातळ, कोमट; शेजारीच नवव्या फर्म्याचा ढीग. दोनशेच्या दोनशे चिकटून वीट झाली. छापखान्यानं अक्षरांचे खिळे केव्हाच सुटे करून डब्यांत टाकले होते, पुन्हा छापणं नाही. मालकांना सांगितलं असतं तर दोघी घरी. तुझे आजोबा तेव्हा आजारी होते, एवढंच सांगते, त्याचं भांडवल करत नाही.

वन्संनी आठव्या फर्म्याचं शेवटचं पान उचललं. सगळ्यांत खाली ओळ होती: "डॉक्टर, खुनी तुम्हीच आहात." पुढे पूर्णविराम. त्याखाली कागदाची किनार. वन्सं म्हणाल्या, पुस्तक आपलं आपणच संपलंय की. पूर्णविराम नसता, वाक्य अर्धवट तुटलं असतं, तर आमची छाती झाली नसती. होता, म्हणून झाली. आठच फर्मे शिवून टाकले.

पण पुठ्ठे नऊ फर्म्यांच्या जाडीचे कापलेले होते. पाठ ढिली पडायला लागली, हात लावला की डुगडुगे. ढिली पाठ मला बघवत नाही. म्हणून त्या चिकटलेल्या विटेच्या कडेचे कोरडे कागद सोडवले, पट्ट्या कापल्या, दुमडल्या आणि पाठीच्या आत खळीनं बसवल्या. प्रत्येक प्रतीत एक. पट्ट्या कापताना एकीवर अर्धी ओळ दिसली, डॉक्टरांची मी क्षमा मागतो म्हणून. तेव्हाच कळलं, डॉक्टर निर्दोष आहे. कापत राहिले. आपल्या घरची प्रत त्या दोनशांतलीच. पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला म्हणून परत आली, ती मी आणली.

तेव्हा ऐक. त्या थोरल्या लेखकाशी भांडू नकोस. पुस्तकाची पाठ उकल. बैठकीत, सगळ्यांदेखत, घरी नव्हे. आधी कापड ओलं करून पाठीवरून फिरव, चहा गार होईल एवढा वेळ थांब, मग बोथट सुरी आडवी सरकव. घाई केलीस तर फाटेल आणि म्हणतील, हिनंच फाडलं. आत पट्टी निघेल. तिच्यावर नवव्या फर्म्यातलं काहीतरी छापलेलं असेलच. काय ते मला ठाऊक नाही. बावन्न वर्षं ती पाठीत बसलीय, तुझ्या जन्माआधीपासून; तू ती घातलीस असं कोणी म्हणू शकणार नाही.

आणि कोणी केलं हे विचारलं तर माझं नाव सांग. वन्संचं नको, त्यांच्या भिंतीवर कागद आहे. मला आता कोण कामावरून काढणार?

तुला बारा वर्षांची असताना गप्प केलं, ते चूक केलं. एवढंच. यावर लांबलचक उत्तर पाठवू नकोस.

लोभ असेल तर ठेव. नसेल तर पट्टी निघाल्याचं तेवढं कळव.

आजी


ता. २२ मार्च

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. पट्टी निघाली.

लांबलचक लिहू नकोस म्हणालीस, म्हणून झालं तेवढंच लिहिते. खोलीत सात माणसं. थोरले लेखक माझ्या समोर. लेखकाच्या कन्या काठी टेकत आल्या होत्या, तुझ्याहून थोड्या धाकट्या असतील. वन्संआजीचं नाव वगळून मी तुझं पत्र वाचून दाखवलं. थोरले लेखक हसले आणि म्हणाले, आजीकडून पटकथा बरी लिहून आणलीस. मग मी ओलं फडकं काढलं. पाठीवरून फिरवलं आणि चहा गार होईपर्यंत थांबले. सुरी लावायच्या वेळी पुस्तक हलायला लागलं, तेव्हा मी थोरल्या लेखकांनाच म्हटलं, जरा हे टोक धरा. त्यांनी धरलं. आजी, त्यांचा हात कापत होता. माझाही, पण माझ्या हातात सुरी होती.

तीन बोटं रुंद पट्टी, पिवळी, चारपदरी. उलगडली तर अर्ध्या अर्ध्या ओळी. एका जागी "मुदपाकखान्याच्या दारापासून अकरा फूट", आणि खाली "स्वयंपाकीणबाईंनी मान खाली". लेखकाच्या मुलीनं ती चष्म्यापाशी धरून दोनदा वाचली आणि त्यांना हसू फुटलं ते थांबेना. म्हणाल्या, हे पुस्तक आलं तेव्हा आमच्या घरच्या स्वयंपाकीणबाई रागावून काम सोडून गेल्या आणि वडिलांना महिनाभर खाणावळीत जेवावं लागलं. त्या दोनशे प्रतींतली एक तेव्हा घरी आली असती तर बरं झालं असतं. तुझ्यावर त्यांचा राग नाही. पत्ता मागून घेतलाय.

माझं नाव राहिलं, मीही राहिले. कोणी माफी मागितली नाही. थोरल्या लेखकांनी एवढंच विचारलं की मुख्याध्यापकांच्या प्रतीवरून सातवा भाग आठ दिवसांत लिहून होईल का. होईल म्हटलं. मग बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि पाऊण तास उठलेच नाही. आनंद वगैरे झाला नाही. पाय दुखत होते.

आता डॉक्टरवाले चिडणार. त्यांचीही पत्रं मलाच वाचायची आहेत.

सोबत पुस्तक परत पाठवते, आणि मुख्याध्यापकांच्या प्रतीतल्या सोळा पानांच्या छायाप्रती. पट्टी त्या बाईंनी मागून घेतली.

रागावले नाहीये. थोडी रागावलेय. पण पत्र लिहीत जा.

तुझी चौकशी


ता. १४ एप्रिल

चि. चौकशीस,

अ. उ. आ. सातवा भाग पाहिला. हवालदार आता म्हणतात, मी पहिल्याच दिवशी स्वयंपाकीण म्हटलं होतं. म्हटलं होतं खरं, पण माळी, ड्रायव्हर, धाकटा भाऊ आणि कुत्रा यांच्यानंतर. शिंपीणबाई खूश आहे. डॉक्टरच्या कोटाला पुन्हा चार बटणं आली. मोजणीदारानं लाल ठिपका बाजूला ठेवून कापडी फीत काढली आणि टोक स्वयंपाकिणीच्या हातात दिलं, तेव्हा मी कोणाकडे बघितलं नाही. समजलं मला. बरं केलंस.

लेखकाच्या मुलीचं पत्र आलं. अक्षर चांगलं आहे, मजकूर कमी. उत्तर लिहिते आहे.

वन्संना सगळं कळवलं. प्रशस्तिपत्र त्यांनी उतरवलं नाही. फक्त शेजारचं कॅलेंडर थोडं सरकवून टांगलं, त्यात निर्दोष एवढा शब्द झाकला जातो. महिना बदलला तरी पान उलटू नका असं नातसुनांना बजावलंय.

सोळा पानं वाचली. आठव्या फर्म्याच्या पुढची पहिली ओळ आहे, "असे कोणीही म्हणेल, पण मोजमाप तसे म्हणत नाही." पूर्णविरामावर आम्ही दोघींनी केवढा विश्वास ठेवला, आणि तो लबाड निघाला. तरी माझं मत सांगू? स्वयंपाकिणीला खून करायला कारण फार तोकडं दिलंय. लेखकानं घाई केली. आमची खळ सांडली त्यात पुस्तकाचं फार नुकसान झालं नाही. हे मुख्याध्यापकांना कळवू नकोस.

तुझ्या छायाप्रतींची पानं सुटी होती. दोन-दोन जोडून चिकटवली, दुमडली, हाडाच्या पट्टीनं घडी बसवली. कारखान्यातली ती हाडाची पट्टी अजून आहे माझ्याकडे. सुईत दोरा शिंपीणबाईनं ओवून दिला, दुसरं टोक हवालदारांनी ताणून धरलं, आणि नववा फर्मा शिवला. पूर्वी हे काम दोन मिनिटांचं होतं, आता सकाळ गेली. बोटांत जोर नाही, एक टाका वाकडा पडलाय, तो तसाच ठेवला. पाठ आता आत काही न घालताही घट्ट बसते.

पुस्तक कपाटात ठेवलंय. येशील तेव्हा घेऊन जा. बारा वर्षांची असताना तू विचारलं होतंस ते एकशे चव्वेचाळीसाव्या पानावर आहे, सगळ्यांत खाली, मधोमध. बारीक अक्षरात आहे, पण आहे.

झोपत जा.

लोभ आहेच. मोजायला फीत लागत नाही, पण टोक तू धरून ठेव.

तुझी आजी